खोलीतली लाल रेघ

खोली बघायला गेलो तेव्हा सगळ्यात आधी नजरेत भरली ती जमिनीवरची लाल रेघ. दहा बाय बाराची खोली, खाली शहाबादी फरशी, रस्त्याच्या बाजूला दार आणि खिडकी, आणि दारापासून आत चार फुटांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ऑइल पेंटनं ओढलेली बोटभर रुंद रेघ. मला वाटलं, भावाभावांत वाटणी झाली असणार. आमच्या लोणी भापकरात एका घरात वाटणीची रेघ न्हाणीतून गेलेली मी पाहिली आहे, त्यामुळे फारसं नवल वाटलं नाही. पण घरमालक तर एकटेच. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला नोकरीला, भाऊ तर नाहीच.

"रेघेच्या अलीकडं तू," ते म्हणाले. "पलीकडं गाव."

मला काही कळलं नाही, तसं मी म्हणालो.

"दारातनं आत आलं की चार फूट गावची जागा हाय. तितनं चालायला हरकत न्हाय. पन तितं पलंग टाकायचा न्हाय, गॅस मांडायचा न्हाय. आन् भाडं मी दहा बाय आठचंच घेनार. जी जागा माझी न्हाय, तिचं भाडं मी कसं घेऊ?"

गावाचं नाव सांगत नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागतं, एवढं पुरे. मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. लग्न ठरलं होतं. होणारी बायको बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला. दोघांनाही आपापल्या गाडीवर जाऊनयेऊन जमेल असं मधलं गाव शोधत मी दोन महिने हिंडलो होतो. तेव्हा रेघ असलेली खोलीही मला चालणार होती. म्हातारा थोडा सरकलेला दिसतोय, पण खोली जाग्यावर आहे, असं मनाशी म्हणून मी होकार दिला.

माझी उंची सहा फूट. उकाड्याच्या दिवसांत मी फरशीवर सतरंजी टाकून झोपायचो आणि झोपेत पसरायचो. सकाळी खिडकीतून आवाज यायचा, "इन्स्पेक्टर, पाय गावात गेल्यात." मी पाय ओढून घ्यायचो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला याचा राग यायचा. भाडं भरून राहायचं आणि पायांचाही हिशेब द्यायचा, हे काय.

गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. दोन्ही तालुक्यांत त्यांनी टेप लावली नाही असा बांध शोधावा लागेल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचं मोजणं काही सुटलं नव्हतं. एक तेहतीस फुटांची जुनी लोखंडी साखळी त्यांनी लिलावात विकत घेऊन खुंटीला टांगली होती, आणि अंतरं अजून त्याच हिशेबात सांगत. एसटीचा थांबा घरापासून अकरा साखळ्या. पिठाची गिरणी साडेचार. गावात कुणी नवखा पत्ता विचारायला आला तर तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायचा.

चालताना ते पावलं मोजत. समोरून कुणी रामराम घातला तर एक बोट वर करून त्याला थांबवत आणि तसेच पुढे जात. वीसपंचवीस पावलांवर हिशेब पुरा झाला की मागं वळून मोठ्यानं "रामराम" म्हणत. नवीन माणसाला तो अपमान वाटायचा. गावाला सवय झाली होती. लोक रामराम घालायचे आणि आपल्या वाटेनं जायचे, आणि पाठीमागून उत्तर आलं की न वळताच हात वर करायचे.

मांडवाचा खांब रस्त्यात आला की लग्नघरी जाऊन ते आधी खांबाला टेप लावत, मग अक्षता हातात घेत. गणपतीच्या मंडळातली पोरं तर मंडप घालायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे खडू घेऊन येत. "तात्या, आधीच रेघ मारून द्या, मागनं कटकट नगं." तात्या खूश होऊन मारून देत. मोजणीत दोन भाऊ हमरीतुमरीवर आले की ते म्हणत असलेलं एक वाक्य सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. "जमीन हलत न्हाय, मानूस हलतो."

माझ्या कामाबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. मिलिमीटरचे हजार भाग करून त्यातले पाच-दहा मोजतो असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. तसं आजवर होणाऱ्या सासऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. मग मी मोठेपणानं टॉलरन्स समजावून सांगायला गेलो. म्हणालो, तात्या, पार्ट अगदी तंतोतंत मापाचा नसला तरी आम्ही पास करतो, थोडं इकडंतिकडं चालतं.

"चालवतं कोन? तू?"

नाही, मी म्हणालो, ते ड्रॉइंगवरच दिलेलं असतं, किती जास्त आणि किती कमी.

"आधीच कागदावर असतं? आन् सगळ्यांना सारखं?"

होय.

"मग ते इकडंतिकडं न्हाय. ते नियमातच हाय. इकडंतिकडं म्हंजे जे कागदावर नसतं आन् तरी समदे चालवून घेत्यात ते." एवढं बोलून ते आपल्याच घराच्या दर्शनी भिंतीकडे पाहत बसले. त्या भिंतीकडे ते असे नेहमी पाहत. मला आधी वाटायचं, रंग द्यायचा विचार असेल.

रेघेची खरी गोष्ट मला अंगणवाडीच्या बाईंनी सांगितली. आमची गल्ली पंचायतीच्या ऑफिसपासून खाली ओढ्याकडे उतरत जाते आणि अगदी तळाला अंगणवाडी आहे, एका खोलीची. महिन्यातून एकदा तिथं पोरांची उंची आणि वजन घेऊन वहीत लिहितात. तात्यांना हे कळल्यापासून दर महिन्याला त्या दिवशी ते हजर. भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होती. पोरगं पट्टीला टेकवून उभं करायचं, टाचा चिकटल्या का बघायचं, डोक्यावर पुठ्ठा आडवा धरायचा आणि आकडा सांगायचा, हे काम बाईंनी त्यांनाच देऊन टाकलं होतं. माप कुणाचंही असो, मोजायला मिळालं की तात्यांचा दिवस चांगला जायचा.

मी राहायला येण्याच्या आधीच्या परतीच्या पावसात अंगणवाडीत पाणी शिरलं. गुडघ्याला लागेल एवढं. बाई आणि मदतनीस दोघींनी खाऊची पोती टेबलावर चढवली आणि पोरं कडेवर घेऊन एकेक करून घरोघर पोचवली. पाणी ओसरलं, चिखल काढला, शाळा परत भरली. पुढच्या महिन्यात मापं घेतली तर एकोणीसच्या एकोणीस पोरं आधीपेक्षा दीड इंचानं कमी भरली.

तात्या तेव्हा मुलाकडे पुण्याला गेले होते. बाईंनी दिसलं ते लिहिलं. तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या, वही पाहिली आणि बाईंना पोरांसमोर बोलल्या की पोरं वाढतात, कमी होत नाहीत, तुम्ही घरी बसून आकडे भरता. बाई आमच्या पायरीवर बसून हे सांगताना तेवढ्या वेळानंही त्यांचे डोळे भरून आले होते. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांना खोटं लिहिलंस असं कुणी म्हणालं नव्हतं.

तात्या परत आले, सगळं ऐकून घेतलं आणि घरून पाणसळ घेऊन गेले. गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ती पट्टीखालच्या फरशीवर ठेवली तर बुडबुडा एका टोकाला गेला. पाण्यानं फरशीखालची माती वाहून गेली होती आणि भिंतीकडची बाजू दीड इंच खचली होती. पोरं होती तेवढीच होती.

बाई सांगत होत्या, ते किती वेळ गुडघ्यांवर बसून त्या बुडबुड्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, उभ्या जन्मात पहिल्यांदाच बघतोय. जमीन हलली."

त्यांनी पंचायतीतून गावठाणाचा जुना नकाशा काढला आणि तळापासून वरपर्यंत गल्ली मोजली. नकाशात रस्त्याच्या कडेनं अडीच फुटांचं दगडी गटार होतं, वरचं सगळं पाणी ओढ्यात नेऊन टाकणारं. जाग्यावर त्याचा पत्ता नव्हता. कुणी त्यावर फरशी टाकून ओटा केलेला, कुणी पायऱ्या, कुणी जिना, कुणी दुचाकी लावायला पत्र्याचं शेड. खालून गटार गाळानं भरलं आणि पाणी रस्त्यावर येऊन उतारानं सरळ अंगणवाडीत जायला लागलं. मोजत मोजत ते वर आले. सगळ्या गल्लीत सगळ्यात जास्त पुढं आलेलं घर निघालं ते त्यांचंच. गटार गिळून वर रस्त्यावर दीड फूट. एकूण चार फूट.

त्याच संध्याकाळी त्यांनी लाल रंगाचा डबा आणला.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, तात्या, तुम्ही तर मोजणीदार, मग बांधताना? त्यांनी दर्शनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गवंड्यानं इचारलं, तात्या समद्यांनी पुढं घेतलंय, तुमीच का मागं? मी मान हलवली. चौतीस वर्षं लोकांच्या बांधाला टेप लावली. माझ्या बांधाची वेळ आली तवा टेप घरात ठिवून बाहेर पडलो." आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. मला मात्र त्या क्षणी आपण हे उगाच विचारलं असं फार वाटलं.

पर्यवेक्षिकांनी जाताना बजावलं होतं की येत्या पावसाळ्यात पुन्हा पाणी शिरलं तर अंगणवाडी कालव्यापलीकडच्या वस्तीवर हलवू. गल्लीतल्या बायका सकाळी भाजीपाल्याच्या रानात खुरपायला जातात आणि जाताना पोरं अंगणवाडीत सोडतात. तीन-चार वर्षांचं पोर मोठा रस्ता आणि कालवा ओलांडून रोज कोण नेणार, कोण आणणार. अंगणवाडी हलली की निम्म्या बायकांचं काम सुटणार आणि पोरं घरात कोंडली जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उपाय एकच होता, पावसाआधी गटार मोकळं करणं. पण त्यासाठी वरची बांधकामं काढायला हवीत, आणि ती तर सगळ्यांचीच होती. त्यामुळे पाऊस येईल तेव्हा बघू, यावर गाव थांबलं होतं.

तात्यांनी पंचायतीत अर्ज दिला. माझं बांधकाम सार्वजनिक गटारावर आणि रस्त्यावर चार फूट आहे, नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी. सोबत हातानं काढलेला नकाशा.

पंचायतीचा कारभार बघणारे ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो, माणूस वाईट नव्हता. कामाच्या ओझ्यानं अर्जाचा फक्त विषय वाचायची सवय लागलेली. आणि अतिक्रमण करणारा माणूस स्वतःहून अर्ज घेऊन आला म्हणजे त्याला त्या बांधकामाची नोंद पंचायतीच्या घरांच्या वहीत करून हवी असते, हा त्यांचा सगळ्या नोकरीचा अनुभव. एकदा नोंद झाली, घरपट्टी लागली, की बांधकाम पक्कं झालं असं गाव समजतं. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात. तात्यांसारख्या म्हाताऱ्या माणसाला खेटे नकोत म्हणून भाऊसाहेबांनी महिनाभरात काम उरकलं आणि नोंदीचा उतारा शिपायाच्या हाती घरपोच पाठवला. वर निरोप, तात्यांना सांगा, काम झालं.

मी कारखान्यातून येत होतो. शिपायानं मला दारातच आनंदाची बातमी दिली आणि मी उलट्या पावली जाऊन पाव किलो पेढे आणले. लपवत नाही, मला खरंच आनंद झाला होता. लग्न तोंडावर, खोली बारा फुटांची बारा फूट राहणार होती.

तात्या पायरीवर उतारा घेऊन बसले होते. पेढ्याचा पुडा मी पुढं केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"माझी चोरी पंचायतीनं वहीत लिहून पक्की करून दिली, इन्स्पेक्टर. आता ती चोरी बी राहिली न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब गोंधळले. पाडून मागणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. ते म्हणाले, तात्या, पण तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, तक्रारीशिवाय आम्ही कसं काय. तात्यांनी ग्रामपंचायत कायद्याचं पुस्तक पिशवीतून काढलं, कलम त्रेपन्न उघडून समोर ठेवलं आणि विचारलं, तक्रार आली तरच बघायचं असं यात कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा. भाऊसाहेबांनी पान वाचलं. मग म्हणाले, सरपंचांशी बोलतो.

त्याच रविवारी माझी होणारी बायको खोली बघायला आली. मी तिला सगळं रडगाणं सांगितलं. म्हातारा स्वतःचं घर पाडायला निघालाय, आणि पडणार आहे ती आपली खोली. ती रेघेजवळ उभी राहिली, अलीकडं-पलीकडं बघितलं आणि विचारलं की अंगणवाडी कुठं आहे. मग एकटीच जाऊन बघून आली. येताना तिच्या चपला हातात होत्या, कारण उन्हाळ्यातही तिथं दारात गटाराचा चिखल होता.

"आमच्याकडे पाणी घातलेलं दूध आलं की आम्ही कॅन परत पाठवतो," ती म्हणाली. "आणणारा ओळखीचा असला तरी. आठ फुटांत मावतो आपण. तुझ्या पायांचं काय ते बघ."

मला लाज वाटली. दिवसभर मायक्रॉन मोजणारा मी, आणि चार फुटांचं माप मला दिसत नव्हतं असं नाही, मला ते बघायचं नव्हतं.

एक मेच्या ग्रामसभेला तात्या धुतलेलं धोतर नेसून गेले आणि मी सुट्टी असल्यानं मागोमाग गेलो. सरपंच बाई होत्या, नव्यानं निवडून आलेल्या, बोलायला मऊ. विषयपत्रिका संपत आली तेव्हा तात्या उठले, नोंदीचा उतारा टेबलावर ठेवला आणि म्हणाले की हा परत घ्या आणि माझं घर चार फूट पाडा. सभेत हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, तात्या, वय झालं आता.

सरपंचबाईंनी हशा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "तात्या, तुमचं पाडलं की शेजारचा जिना पाडावा लागंल. तो माझ्या दिराचा हाय. मग समदी गल्ली. तुमाला एवढंच वाटतंय तर तुमचं तुमी का काढून टाकत न्हाय? कुनी अडवलंय?"

हा प्रश्न माझ्याही मनात होता.

"हातोडा घरात हाय ताई," तात्या म्हणाले. "उद्या सकाळी पाडंन. गाव म्हनंल, तात्या चांगला मानूस. आन् गटार हाय तसंच राहील, कारन बाकीच्यांनी चांगलं व्हायला पायजे असं कुनाला सांगता येत न्हाय. पन पंचायतीनं माझं पाडलं, तर उद्या दुसऱ्याला नोटीस देताना तिला तोंड असंल. मला चांगुलपना करायचा न्हाय. तुमचं काम तुमी करा, एवढंच म्हनतोय. सुरुवात माझ्यापासनं करा, म्हंजे कुनी तुमाला बोल लावनार न्हाय."

मग अंगणवाडीच्या बाई उभ्या राहिल्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की पावसाला महिना राहिलाय, आणि खाली बसल्या. त्यांच्यामागं बसलेल्या रानात जाणाऱ्या बायका एकेक करत उभ्या राहिल्या. घोषणा नाही, काही नाही, नुसत्याच उभ्या. सरपंचबाईंनी आपल्या दिराकडे पाहिलं. त्यानं नजर मोबाइलमध्ये घातली. मग त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं, "लिव्हा. नोटिसा समद्यांना. पैली तात्यांना."

ती नोटीस आली त्या दिवशी तात्यांनी शिपायाला चहा पाजला आणि ओलसर डोळ्यांनी सही केली. पण वाचून झाल्यावर नोटीस परत पाठवली. तीत "अंदाजे चार फूट" असं लिहिलं होतं. अंदाजे पाडू नका, मोजून पाडा, आणि मोजायला पंचायतीनं यावं, मी सांगितलेलं माप धरू नका, असा त्यांचा निरोप. भाऊसाहेब टेप घेऊन स्वतः आले. तात्या टेपेचं दुसरं टोक धरायलाही तयार नव्हते, ते मी धरलं. माप चार फूट दोन इंच निघालं. तात्यांची रेघ दोन इंच चुकली होती. चौतीस वर्षांच्या मोजणीदाराची. ते खरोखर हादरले. घरात जाऊन पाणी प्यायले आणि बाहेर येऊन म्हणाले की बघा, स्वतःचं मोजताना हात जड होतो, म्हणून पंचायत पायजे.

पाडायच्या दिवशी मी रजा घेतली होती. माझं सामान मागच्या खोलीत हलवलं. जेसीबीवाला गावातलाच, तात्यांनीच त्याच्या वडिलांची जमीन मोजून दिलेली. तो फार जपून काम करत होता. दार पडलं, खिडकी पडली, आणि भिंत खाली आली तेव्हा मी इतके दिवस झोपलो ती जागा एकदम रस्त्याला उघडी पडली. तात्या खुर्ची टाकून समोर बसले होते. काम संपल्यावर ते उठले आणि उरलेल्या बाजूच्या भिंतीला टेप लावली. तीन इंच बाहेर.

"राहू द्या तात्या," जेसीबीवाला म्हणाला. "एवढ्यानं काय हुतंय. मीच सोडलंय."

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझ्यासाठी तीन सोडलंस. पुढचा म्हनंल मला सहा सोड. काढ."

ते तीन इंच छिन्नी-हातोड्यानं काढायला दोन तास लागले. सगळी गल्ली ओट्याओट्यांवरून बघत होती. सगळं त्या एका दिवसात सुरळीत झालं असं मात्र नाही. एकजण तालुक्याला तक्रार घेऊन गेला, एकानं तात्यांशी बोलणं टाकलं ते कायमचं. पण सरपंचबाईंच्या दिरानं चौथ्या दिवशी आपला जिना स्वतः गॅस कटरनं कापून घेतला आणि आतल्या बाजूला लावला, आणि मग पंचायतीला बाकीच्या दारांशी फार वेळ थांबावं लागलं नाही. खालचं गटार सापडलं तेव्हा त्याचे दगड अजून शाबूत होते. तात्यांनी ते एकेक हात लावून पाहिले.

माझी भिंत रेघेच्याही दोन इंच अलीकडं उभी राहिली. मेच्या शेवटी लग्न झालं. दहा बाय सात फूट दहा इंचांच्या खोलीत आम्ही संसार मांडला. पलंग तिरका टाकला की माझे पाय मावतात, हा शोध बायकोचा. त्या पावसाळ्यात पाणी गल्लीतून खळाळत गेलं, पण गटारातून, आणि थेट ओढ्यात. अंगणवाडीचा उंबरा कोरडा राहिला. फरशी नव्यानं बसवली ती तात्यांनी पाणसळ लावून, गवंड्याला तीनदा उचलायला लावून. पर्यवेक्षिका आल्या, कोरडी जमीन पाहिली आणि बाईंना म्हणाल्या की त्या मापांचं मी बोलले ते चुकलं. बाईंनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा पुन्हा त्यांचे डोळे भरले.

तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. मुलानं घर विकलं नाही, आम्ही अजून तिथंच आहोत. पंचायतीत आता भाऊसाहेबही नवे आहेत. पण रस्त्यात कुणाची पायरी आली तर तक्रारीची वाट न बघता टेप घेऊन माणूस येतो, आणि नोटिशीत अंदाजे हा शब्द नसतो. रस्त्यानं कुणी बोट वर करून चालत असेल तर मी अजून चमकून बघतो.

ते जायच्या आधीच्या पावसाळ्यातली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मापाचा दिवस होता. आमची मुलगी तेव्हा सात महिन्यांची. तिचं वजन करायला आम्ही दोघं अंगणवाडीत गेलो होतो. तात्यांनी सगळी पोरं मोजून संपवली, तर पोरांनी हट्ट धरला, आता आजोबांची उंची. ते हसले, चपला काढल्या, टाचा भिंतीला चिकटवल्या आणि हनुवटी सरळ धरली. पुठ्ठा मी धरला. नोकरीला लागताना सरकारी डॉक्टरनं मोजलेली त्यांची उंची त्यांना पाठ होती, पाच फूट सहा. माझ्या पुठ्ठ्याखाली पाच फूट साडेचार आले. दीड इंच कमी.

बाईंनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या की पाच सहाच लिहिते तात्या, कोण बघतंय.

तात्यांनी मागं वळून आकडा स्वतः वाचला. मग पिशवीतून पाणसळ काढली, गुडघ्यांवर बसायला त्यांना माझा हात लागला, आणि ती फरशीवर ठेवली. पोरं भोवती गोळा झाली. बुडबुडा नळीच्या बरोबर मधोमध येऊन थांबला. तात्या त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा फुलत गेला, एखादं काम पार पडल्यावर फुलतो तसा.

"जमीन जाग्यावर हाय बाई," ते म्हणाले. "ह्या खेपेला मीच खचलोय. साडेचार लिव्हा."